पाचट पेटवण्याआधी

[दृश्य: वाळवा तालुका. तोडणी झालेलं शेत, वाऱ्यावर सळसळणारं पाचट.]

ऊस कारखान्याला गेला, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोठ्यात गेले. मागं उरलं ते पाचट, उसाची वाळलेली पानं. हेक्टरी आठ-दहा टन सहज भरतं. कृष्णाकाठी त्यावरून दर हंगामात एकच वाद: पेटवायचं की सरीत राहू द्यायचं? पेटवणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं. "जाळलं काय अन् कुजलं काय, शेवटी हवेतच जाणार की!"

बोलणं चुकीचं नाही. बराचसा कार्बन हवेतच जातो. आला होता तोही हवेतूनच.

हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे असतात सव्वाचारशेच्या आसपास. एवढ्या विरळ मालातून पान उन्हाच्या जोरावर साखर घडवतं. सुटणारा ऑक्सिजन मात्र मुळांनी ओढलेल्या पाण्यातला. ऊस या कामात भातागव्हाहून तरबेज. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात त्याची कार्बन पकडण्याची वेगळी रीत उलगडली, तीही उसाच्याच पानांवर.

[दृश्य: गोठा. वाढे खाणारी म्हैस.]

घडवलेली सगळी साखर काही साठत नाही. ऊस स्वतःच रात्रंदिवस तिच्यावर जगतो. पेशी साखर मोडतात, ऊर्जा काढून घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडून देतात. म्हैस तेच करते. रस पिणारे आपणही. पाचट कुजवणारी बुरशी आणि जिवाणूही. खरं तर आगही तेच करते, फक्त पेशी जे टप्प्याटप्प्यानं, बेतानं खर्च करते ते आग एका दमात उधळते. काडी लावली की नत्रसुद्धा धुराबरोबर उडतं, आणि पुढं ते युरियाच्या पोत्यातून विकत आणावं लागतं. कुजायला महिने लागतात. तेवढ्यात गांडुळं पोसतात, जमिनीत ओल टिकते, थोडा कार्बन मातीला धरून राहतो.

ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशेब वेगळा. तो कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. १७५० च्या सुमाराचे दहा लाखांतले २८० रेणू आज सव्वाचारशेच्या घरात गेले, ते मुख्यतः कोळसा आणि तेलामुळं. त्याचं खापर पाचटावर नको.

[दृश्य: पाचटाच्या फटीतून वर आलेला खोडव्याचा कोंब.]

खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक, फुटलाय. हिरवं पान उलगडेपर्यंत या कोंबाची कमाई शून्य. सध्या तो बुडख्यातल्या साखरेवर श्वास घेतोय, मागच्या हंगामातल्या उन्हात साठवलेल्या.