जुन्नर बघायचं तर रस्ता धरून बघा

नमस्कार मंडळी. जुन्नरला येणाऱ्यांचा प्रोग्राम साधारण ठरलेला असतो, सकाळी शिवनेरी, मग लेण्याद्री, वेळ उरला तर ओझर, आणि अंधार पडायच्या आत गाडी नारायणगावला हायवेवर. त्यात वाईट काही नाही, १६३० साली महाराजांचा जन्म जिथे झाला ती जागा बघायलाच पाहिजे, पण असं सुटं सुटं बघितलं की गड वेगळा राहतो, गणपती वेगळा, लेणी वेगळी, आणि ही सगळी गर्दी याच खोऱ्यात का झाली हे काही डोक्यात शिरत नाही. ती झाली एका रस्त्यामुळे, नाणेघाटामुळे.

सातवाहनांची राजधानी तिकडे पैठणला आणि बंदरं खाली कोकणात, कल्याण, सोपारा, मधे सह्याद्री आडवा. माल चढवायचा तर हीच खिंड. माथ्यावर दगडाचा भलामोठा रांजण आजही आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. जरा खाली उतरलं की गुहा, आणि तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. कुठले यज्ञ केले, अश्वमेध, राजसूय, आणि दक्षिणा म्हणून गाई किती, घोडे किती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी किती, सगळा हिशोब आकड्यांसकट कोरलाय, इतके जुने आकडे आपल्याकडे फार कमी ठिकाणी सापडतात. मागच्या भिंतीला राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, ते गेले, वरची नावं तेवढी राहिली, सिमुक, नागनिका, सातकर्णी. येणाजाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या नजरेला पडेल अशी जागा बघून हे केलंय बरं का, उगाच नाही.

आता रस्ता म्हटला की राखण आली. घाटाच्या तोंडाशी जीवधन किल्ला, मग चावंड, हडसर, आणि गावाच्या डोक्यावर शिवनेरी. नकाशा काढून बघा, आपोआप कळेल.

आणि पैसा आला की लेणी आली. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर लेणी खोदलीत, आणि ती सगळी काही राजांनी नाही खोदून घेतली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं असा लेख आहे. या लेण्यांत यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक, दात्यांचीही नावं आहेत, म्हणजे बाहेरून आलेली माणसं इथे दानधर्म करत होती.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज बसलाय तोही मूळच्या बौद्ध विहारातच, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात. दर्शन घेताना जरा मान वर करा, एवढा मोठा हॉल आणि मधे एकही खांब नाही! शेजारी चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं आहे, तिथे बहुतेक लोक डोकावत पण नाहीत, पायऱ्या चढून दमलेले असतात बिचारे.

मला विचाराल तर सगळ्यात भारी तुळजा लेणी, पाडळीजवळ. तिथलं एक चैत्यगृह चक्क गोल आहे, मधे स्तूप, भोवती बारा खांबांचं कडं, वर घुमटासारखं छत. नेहमीचं चैत्यगृह लांबट असतं, हे असलं काही बघायला मिळत नाही. फार मोठं नाही, पण एकदा त्या खांबांच्या मागून प्रदक्षिणा घालून बघा.

बाकी नाणेघाटाला पावसाळ्यातल्या रविवारी जाऊ नका एवढं ऐका. वाऱ्याने पाणी वर उडवणारा उलटा धबधबा बघायला अशी झुंबड असते की गाडी घाटघरच्या पुढे सरकत नाही आणि गुहेत कोण उभं राहू देतंय. नोव्हेंबर-डिसेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि टॉर्च न्या. उजेड अक्षरांवर सरळ मारू नका, भिंतीच्या कडेने तिरका धरा, मग झिजलेली अक्षरं उठून दिसतात. फक्त हात लावू नका भिंतीला.