बंकर म्हणजे खंदक नाही! युद्धाचा धूर नक्की कुणाच्या खात्यात?

नमस्कार मंडळी. नेरूळहून बोलतेय, मागे गाड्यांचे आवाज येतील, खिडकी बंद केली तर या उकाड्यात बसवत नाही. मागच्या महिन्यात अमेरिकेच्या युद्ध आणि हवामान धोरणावर व्हिडिओ केला होता, त्याखाली अजून कमेंट येताहेत. निम्म्या लोकांचा प्रश्न आहे की ताई, सैन्याचा धूर मोजत नाहीत म्हणजे काय, असं कसं होईल? आणि उरलेले निम्मे विचारतायत मी ट्रम्पविरोधी आहे का. दुसऱ्याचं उत्तर नंतर देते, आधी पहिलं.

बेसिक गोष्टी धावत सांगते, तुम्हाला माहीतच असतील. १९९७ ला जपानमध्ये क्योटो करार झाला, श्रीमंत देशांनी धूर, म्हणजे हवा तापवणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू, किती कमी करायचा ते ठरलं. २०१५ ला पॅरिस करार, त्यात सगळेच आले. अमेरिका पॅरिसमधून २०२० ला बाहेर पडली, २०२१ ला परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडायच्या आदेशावर सही केली. झालं.

आता अडतं कुठे, तर "बंकर" या शब्दावर. बंकरचा धूर कुठल्याच देशाच्या हिशोबात धरत नाहीत असं मी त्या व्हिडिओत म्हटलं होतं, तर कमेंटमध्ये किती जणांनी लिहिलंय की सैनिक बंकरमध्ये लपतात त्याचा कसला आलाय धूर! अहो, तो बंकर नाही. बंकर म्हणजे जहाजाचं इंधन. पूर्वी जहाजावर कोळसा साठवायची जागा असायची तिला बंकर म्हणायचे, कोळसा गेला, तेल आलं, नाव तेच राहिलं. माझा दादा मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनीअर आहे, आमच्या घरी हा शब्द डाळ-तांदळासारखा वापरतात. "आज बंकरिंग आहे, रात्री फोन करू नका," हा त्याचा ठरलेला मेसेज, बंकरिंग म्हणजे जहाजात तेल भरणं.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा दादाचं जहाज न्हावा शेवाहून युरोपला निघालं होतं. सुएझ सोडून आफ्रिकेला पूर्ण वळसा, केप ऑफ गुड होपवरून. दहा-बारा दिवस जास्त. वहिनी रोज नकाशावर ते जहाज बघायची आणि आई देवापाशी बसलेली. त्याच्या जहाजाला दिवसाला साठेक टन तेल लागायचं, म्हणजे त्या एका वळशात सहा-सातशे टन जास्त जळलं, फक्त तिकडे गाझात युद्ध चालू होतं म्हणून. आता मला सांगा, हे तेल कुणाच्या खात्यात? भारताच्या? नाही. जिथे माल उतरला त्या देशाच्या? नाही. ज्याचा झेंडा जहाजावर आहे त्याच्याही नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेल्या जहाजाला आणि विमानाला विकलेलं इंधन कुठल्याच देशाच्या धुराच्या एकूण बेरजेत धरत नाहीत, त्याची नोंद बाजूला वेगळी करायची, हे क्योटोतच ठरलं. आणि त्याच निर्णयात अजून एक ओळ आहे, की यूएनच्या सनदेनुसार अनेक देशांनी मिळून केलेल्या लष्करी मोहिमांचा धूरही देशाच्या बेरजेत धरायचा नाही. या दोन्ही गोष्टी पेंटॅगॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, हव्या होत्या. क्योटोत अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते स्टुअर्ट आयझेनस्टॅट, त्यांनी १९९८ ला सिनेटच्या समितीपुढे स्वतः सांगितलं की संरक्षण खात्याने जे मागितलं ते सगळं आम्ही मिळवलं. लपूनछपून काही झालेलं नाही मंडळी, हे रेकॉर्डवर आहे!

अजून नीट बसलं नसेल तर दुसऱ्या बाजूने सांगते. आईला शुगर आहे. डॉक्टरांनी वही घालायला सांगितली, रोज काय खाल्लं ते लिहायचं. आईने अगदी मनापासून लिहिलं, दोन पोळ्या, वाटीभर भाजी, बिनसाखरेचा चहा. वही बघून आम्ही खूष. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तर शुगर वाढलेली. मी वही परत चाळली तर मधे तीन लग्नं होती, एक वास्तुशांत, संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि त्या दिवसांची पानं कोरी. विचारलं तर म्हणाली, "अगं, ते घरचं जेवण थोडंच होतं?" आई खोटं बोलली नव्हती, तिच्या मते वही घरच्या जेवणाची होती. पण रक्ताला घरचं-बाहेरचं कळत नाही. हवेचंही तसंच आहे. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात, तो आपला रक्ताचा रिपोर्ट. क्योटो झालं त्या १९९७ मध्ये हवेच्या दर दहा लाख भागांत तो साधारण ३६४ भाग होता, २०२४ ला ४२४ च्या वर गेला. त्यातला बराचसा आपल्या वीजघरांचा आणि गाड्यांचा आहे, सगळं खापर सैन्यावर फोडायला मी बसलेले नाही, पण कोरी पानं कोरीच आहेत.

आणि आता ज्या कमेंटने मला खरंच राग येतो ती. "पॅरिसमध्ये सैन्याला सूट आहे." नाही हो, सूट नाही! क्योटोतली सूट पॅरिसमध्ये आपोआप चालू राहिली नाही. पॅरिसमध्ये ते ऐच्छिक आहे, सैन्याचा आकडा किती उघड करायचा ते ज्या त्या देशाच्या मर्जीवर. तुम्ही म्हणाल फरक काय पडतो, शेवटी मोजत नाहीत ते नाहीतच. खूप फरक पडतो. सूट असती तर आपल्याला बोलायला जागाच नव्हती, नियमच तसा आहे म्हणून गप्प बसावं लागलं असतं. मर्जीवर आहे म्हणजे सरकारला विचारता येतं की बाबा, तुझी मर्जी का नाही? यूएनला जे तक्ते पाठवतात त्यात "इतर" म्हणून एक गट आहे, १-ए-५, सैन्याचं इंधन तिथे लिहितात. रकाना तयार आहे. काही देश तो रिकामा सोडतात, काही त्यात बाकीचं मिसळून टाकतात, मग बाहेरच्या माणसाला काही वेगळं काढता येत नाही. म्हणूनच २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संस्थांनी जगाच्या एकूण धुरात सगळ्या सैन्यांचा वाटा साधारण साडेपाच टक्के सांगितला तो अंदाज आहे, हिशोब नाही. परत सांगते, सूट नाही, मर्जी. जमलं तर पिन कमेंट वाचा, तिथेही हेच लिहिलंय.

बरं, ट्रम्पविरोधी का. क्योटोची ती ओळ आली क्लिंटन यांच्या काळात. करारावर सही केली आणि सिनेटपुढे मंजुरीला कधी नेलाच नाही. मार्च २००१ मध्ये बुश यांनी क्योटो झटकला आणि मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला केला. बायडेन यांनी २०२२ ला हवामानासाठी अमेरिकेतला तोवरचा सगळ्यात मोठा कायदा आणला आणि पुढच्याच मार्चमध्ये अलास्कात विलो नावाच्या तेल प्रकल्पाला परवानगी दिली, नंतर गाझातल्या युद्धात इस्रायलला बॉम्ब पाठवणं चालूच ठेवलं. ट्रम्प यांनी वहीच बंद केली, २०२५ च्या एप्रिलमध्ये दरवर्षीचा धुराचा अहवाल यूएनला वेळेत पाठवलाच नाही. माझं मत विचारताय ना, तर ट्रम्प यांचं धोरण मला घातक वाटतं, पण सैन्याच्या पानाबाबत दोन्ही पक्ष एकच आहेत. आणि आपल्याकडची लोकं कमेंटमध्ये बायडेन की ट्रम्प असं भांडतात जणू महापालिकेला उभे आहेत!

एकाने विचारलं, एक रणगाडा असा काय मोठा धूर करणार? अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्याच्या टाकीत सुमारे १,९०० लिटर तेल मावतं आणि त्यात तो जातो साधारण ४२५ किलोमीटर. म्हणजे नेरूळ स्टेशन ते सीवूड्स, एक स्टेशन, जायला सात-आठ लिटर.

"तिकडे माणसं मरतायत आणि तुम्ही धूर मोजताय," ही कमेंट मला लागली, कारण मीही हाच विचार करत बसते. पण १९९१ मध्ये कुवेतमधून पळताना इराकी सैन्याने सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या, शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला, तो धूर ज्यांच्या छातीत गेला ती माणसंच होती. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या खारघरच्या मैदानावर उन्हाने चौदा जणांचा जीव गेला. आमच्या मजल्यावरच्या काकू त्या दिवशी तिथे होत्या, घरी आल्या तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. त्या दुपारची सगळी जबाबदारी हवामानावर टाकता येणार नाही, पण उन्हाळे कसे होत चाललेत ते तुम्ही अनुभवताय. एकाचं दुःख धरलं म्हणजे दुसऱ्याचं सोडलं असं मी करू शकत नाही.

राहिली गुप्ततेची गोष्ट. "आकडा दिला तर शत्रूला कळेल." वर्षाची एकूण बेरीज दिली तर कुठलं जहाज कुठे होतं ते कसं कळणार? दादाला विचारलं. तो म्हणाला, आम्ही टाकीत साउंडिंग टेप सोडतो, किती सेंटीमीटर तेल उरलं ते वाचतो, आणि रोज दुपारी बाराचा रिपोर्ट कंपनीला जातो, काल किती जळलं, आज किती शिल्लक. समुद्र खवळलेला असो नाहीतर हुथींचे ड्रोन डोक्यावर असोत, नून रिपोर्ट चुकत नाही. पाच हजार टनांवरच्या जहाजांना २०१९ पासून वर्षभराच्या इंधनाचा हिशोब द्यावाच लागतो. साध्या मालवाहू जहाजाला जमतं ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याला जमत नाही असं मला कुणी सांगू नका.

आणि हे फक्त अमेरिकेला नाही. मी आपल्या खासदारांना पत्र टाकलंय, की आपण यूएनला अहवाल पाठवतो त्यात आपल्याही सैन्याच्या इंधनाची वर्षाची बेरीज वेगळ्या ओळीत यावी. पत्राचा मजकूर खाली डिस्क्रिप्शनमध्ये आहे, तुमचं नाव-पत्ता घालून पाठवा. उत्तर आलं की इथेच वाचून दाखवते.