टॅपेट कव्हरचं पॅकिंग: पहिल्यांदा बोनेट उघडणाऱ्यांसाठी

(घरच्या घरी गाडीचं काम शिकू पाहणाऱ्यांसमोर नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मुंबईहून निघालात, कसारा घाट चढलात, इगतपुरीला चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि उतरताच जळक्या ऑइलचा वास आला. तुमच्या माना हलताहेत, म्हणजे अनेकांनी हे अनुभवलंय. बरेच जण तो वास शेजारच्या ट्रकवर ढकलतात. काही जण एकदम घाबरतात, आता इंजिन उतरवावं लागणार असं धरून चालतात. पेट्रोल गाडी जरा जुनी असेल, तर माझा पहिला संशय एका रबराच्या पट्टीवर जातो. इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाखाली ती बसलेली असते. गॅरेजमध्ये तिला टॅपेट कव्हरचं पॅकिंग म्हणतात, पार्टच्या पाकिटावर व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट असं छापलेलं असतं.

घाटातच वास का येतो? चढावर इंजिन खालच्या गिअरमध्ये, भाराखाली चालतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा नळ्यांचा भाग, इतका तापतो की त्यावर ऑइलचा थेंब पडला की तो लगेच जळतो. गाडी पळत असते तोवर वारा तो धूर मागे नेतो. गाडी थांबली की तोच धूर बोनेटच्या फटीतून वर येतो. म्हणजे गळती घाटात सुरू झालेली नसते. गंगापूर रोडवरही ती चालूच होती, फक्त तिथे तिचा वास नाकापर्यंत पोचत नव्हता.

ज्यांनी आजवर वॉशरचं पाणी भरण्यापलीकडे गाडीला हात लावलेला नाही, त्यांनी पहिलं खरं काम म्हणून हे पॅकिंग बदलावं, असं मी आग्रहाने सांगायला आलो आहे. इंजिनाचं आतलं जग यात डोळ्यांनी बघायला मिळतं आणि टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या जुळवलेल्या वेळेला, कुठेही धक्का लागत नाही. ताकद फार थोडी लागते, स्वच्छता मात्र भरपूर लागते. आपल्या सातपूरला महिंद्राच्या गाड्या तयार होतात, बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्शनचे भाग बनतात. मायक्रॉनच्या भाषेत बोलणारी कितीतरी माणसं या शहरात राहतात. मी स्वतः अंबडला तपासणी विभागात आयुष्य काढलं. अशी जाणती माणसं रविवारी स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडायला बिचकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता हे टेबलावर बघा. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचं कव्हर आहे. याच्या खाली कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरत असतो, व्हॉल्व्ह दाबले जात असतात, आणि त्या सगळ्यांवर ऑइल सतत उडत असतं. ते बाहेर येऊ नये एवढंच या कव्हरचं काम. उलटं करतो. कडेने ही खोबण दिसते आहे ना, त्यात पॅकिंग बसतं. हे नवं पॅकिंग, याची कडा खोबणीच्या वर फुगीर आलेली आहे. हेडवर, म्हणजे कव्हरखालच्या इंजिनाच्या वरच्या भागावर, कव्हर दाबलं की हा फुगीर भाग दबतो आणि फट बंद होते. आणि हे त्याच गाडीतून काढलेलं जुनं. कडा चपटी होऊन खोबणीच्या काठाला टेकली आहे, दाबायला काही उरलंच नाही. वाकवून दाखवतो. मागच्या रांगेपर्यंत आवाज आला का? काडीसारखं मोडलं.

कुकरची रिंग जशी वापरून वापरून कडक होते आणि बाजूने वाफ सोडायला लागते, तसंच हे. रबर कुठलं आहे यावर आयुष्य ठरतं. नायट्राइल लवकर कडक होतं, ॲक्रिलिक आणि सिलिकॉन उष्णता जास्त सोसतात. फार जुन्या इंजिनांत बुचाच्या लाकडाचं पॅकिंग असायचं, ते वाळून चिरायचं. निफाडकडच्या मंडळींनी आणखी एक लक्षात घ्या. जानेवारीत तुमच्याकडे पहाटे पारा जिथे उतरतो, तिथे कडक झालेलं रबर आणखी ताठ होतं. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावर गळती जास्त दिसते आणि इंजिन तापल्यावर कमी होते.

पण दर वेळी दोष रबराचाच असतो असं नाही. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, उतरतो. तो परत इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा आत घेतं त्या वाटेकडे, नेण्यासाठी पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची नळी असते. ती काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. अशा गाडीत नवं पॅकिंग घातलंत तरी काही दिवसांत तेच रडगाणं. म्हणून कव्हर काढलेलं असतानाच ती नळी सोडवून आतून साफ करा. बऱ्याच गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला की आतली गोळी खुळखुळते. आवाज येत नसेल तर तो बदलून टाका.

आता निदान. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पैसे वाचतात किंवा बुडतात. ऑइल वरून गळतं आणि खाली जमतं. ते हेडच्या मागच्या कोपऱ्यातून उतरतं, ब्लॉकवरून ओघळतं आणि जिथे इंजिन गिअरबॉक्सला जोडलेलं असतं तिथे थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलं. ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. काही शे रुपयांच्या पॅकिंगपायी असा खर्च झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. म्हणून नियम एकच, वरून बघत खाली या. इंजिन पुसून कोरडं करा, थोडं चालवा, मग टॉर्च घेऊन कव्हरच्या कडेने बोट फिरवा. मागच्या बाजूला डोळा पोचत नाही, तिथे छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा घाला. ओल्या रेषेचं सगळ्यात वरचं टोक जिथे सापडेल, तिथे गळती.

दुसरी खूण स्पार्क प्लगच्या विहिरीत सापडते. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत प्लग कव्हरच्या मधोमध, खोल नळीत असतात आणि त्या नळीभोवती वेगळी सीलं असतात. ती गेली की ऑइल विहिरीत साचतं, प्लगवर बसणाऱ्या, त्याला वीज देणाऱ्या कॉइलचं रबर फुगतं, स्पार्क भलतीकडून पळतो आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे झटके देत चालते. मग आपण प्लग बदलतो, कॉइल बदलतो, पेट्रोलला दोष देतो. कॉइल वर उचलल्यावर तिचं टोक ऑइलने चमकत असेल, तर उत्तर तिथेच आहे. अशा वेळी प्लग लगेच खोलू नका, नाहीतर साचलेलं ऑइल आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल. आधी कापडाने टिपून विहीर कोरडी करा.

एक स्पष्ट सूचना. सुरुवात साध्या, एका रांगेतल्या पेट्रोल इंजिनावर करा. व्ही आकाराच्या इंजिनांत एका बाजूच्या कव्हरपर्यंत पोचायला अनेकदा इनटेक मॅनिफोल्डच काढावा लागतो. आणि कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे एका सामायिक नळीतून प्रचंड दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनात, कव्हरच्या वाटेत इंजेक्टरच्या नळ्या असतील, तर घरी हात घालू नका. तिथला दाब १,६०० बार आणि त्याहूनही जास्त असतो. तेवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. अशी गाडी मिस्त्रींकडेच न्या.

पॅकिंग आणायला जाताना गाडीचा चेसिस नंबर बरोबर ठेवा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. प्लगच्या नळ्यांची सीलं आणि बोल्टखालचे रबरी वॉशर सेटमध्ये आहेत का, ते दुकानातच पाकीट उघडून बघा.

काम थंड इंजिनावर करायचं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. वरचं प्लास्टिकचं आवरण, एअर फिल्टरची नळी, कॉइल, ब्रीदर, हे एकेक सुटं करताना मोबाइलवर फोटो काढत जा. कनेक्टर ओढताना तार धरू नका. खिट्टी दाबली की तो सुटतोच, सुटत नसेल तर खिट्टी नीट दाबली गेलेली नाही. उन्हाने आणि उष्णतेने हे प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून घाई नको. कव्हर उचलण्याआधी भोवतालची धूळ ब्रशने आणि पंपाच्या हवेने झटका, कारण एकदा कव्हर उघडलं की वरचा प्रत्येक कण कॅमशाफ्टवर पडणार. मोकळ्या अंगणात वारा असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल, तर त्या दिवशी हे काम करू नका.

बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटून बसलेलं असेल तर रबरी हातोडीने किंवा लाकडाच्या तुकड्याने बाजूने ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं. त्यावर पडलेला एक ओरखडा म्हणजे ऑइलला कायमची वाट.

कव्हर निघालं की जरा थांबा आणि आत बघा. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात कॅमशाफ्ट मधासारख्या रंगाचा, स्वच्छ दिसतो. काळा, चिकट थर दिसला तर ऑइल बदलण्यात आळस झालाय. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर विकणाऱ्याने सांगितलेली सगळी हकिकत इथे पडताळून बघता येते.

मग साफसफाई. निम्मा वेळ इथेच द्या. आतल्या भागावर स्वच्छ कापडं अंथरा, आणि किती अंथरली ते कागदावर लिहून ठेवा. एक जरी आत राहिलं तर इंजिनाचं वाटोळं होईल. कॉटन वेस्ट, म्हणजे गॅरेजमधला सुताचा गुंता, वापरू नका, त्याचे धागे सुटतात आणि ते खाली ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. बनियनचं जुनं कापड चांगलं. हेडची कडा आणि कव्हरची खोबण, दोन्ही ठिकाणचा जुना रबराचा आणि सिलिकॉनचा अंश प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ब्रेक क्लीनर कापडावर मारा आणि त्या कापडाने पुसा, थेट हेडमध्ये फवारू नका. कोरडं बोट फिरवल्यावर ते जराही घसरलं नाही, तर कडा साफ झाली. कव्हर धुतलेलं रॉकेल किंवा डिझेल गटारात ओतू नका. आपल्याकडचे नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. बाटलीत भरा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं. सगळीकडे सिलिकॉन थापण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही बाहेर येतं, वाळतं, तुटतं आणि त्याच पंपाच्या जाळीत अडकतं. शिवाय त्यावर पॅकिंग घसरतं. सिलिकॉन लागतं ते फक्त कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर हेडला मिळतं आणि जिथे कॅमच्या कॅपची अर्धगोल वळणं असतात. तिथे हरभऱ्याएवढा थेंब पुरे. नेमक्या जागा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या असतात. कव्हर ठेवताना ते सरळ वरून खाली आणा, सरकवू नका, आणि पॅकिंग खोबणीतून कुठे निसटलं नाही ना, हे चारही बाजूंनी बघा.

आता बोल्ट. हे बहुतेक ६ मिलिमीटरचे, १० नंबरच्या पान्याने फिरणारे असतात. आधी सगळे बोटांनी लावा. मग मधल्या बोल्टपासून सुरू करून आलटून पालटून बाहेर जा, आणि दोन फेऱ्यांत आवळा. बऱ्याच गाड्यांत टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, ८ ते १२ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. १० न्यूटन मीटर म्हणजे किती? १० सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण १० किलोचा दाब. हाच दांडा २५ सेंटिमीटरचा घेतलात, तर ४ किलोतच काम होतं, आणि आपला हात तर सहज त्याच्या तिप्पट दाब देतो. चाकाचे बोल्ट आवळायचा मोठा रॅचेट इथे आणला की आटे गेलेच म्हणून समजा. मोठा टॉर्क रेंचही नको, इतक्या कमी टॉर्कला त्याचा भरवसा नसतो. पाव इंची छोटा घ्या.

या बोल्टकडे जवळून बघा. दांड्याला मध्येच एक खांदा आहे. अशा बोल्टचा खांदा हेडला टेकला की कव्हर आणखी खाली जाऊच शकत नाही. पॅकिंग किती दाबायचं ते बनवणाऱ्याने या खांद्याच्या उंचीत आधीच ठरवून ठेवलंय. गळतंय म्हणून वरून आणखी पिळलंत तर पॅकिंग एक केसभरही जास्त दबणार नाही, फक्त ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतील.

सिलिकॉन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा, मगच इंजिन सुरू करा. गाडी उभी असताना इंजिन अडखळत असेल तर कॉइलचा कनेक्टर नीट बसलेला नाही किंवा ब्रीदरची नळी लावायची राहिली आहे, फोटो उघडून पडताळा. जुनं सांडलेलं ऑइल मॅनिफोल्डवर थोडा वेळ धुमसतं, त्याने दचकू नका. गाडी चांगली तापवून आणा आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना मागच्या कोपऱ्यात टिश्यू कागद फिरवा. कोरडा आला की झालं. ऑइलची पातळी डिपस्टिकवर बघायला विसरू नका, कारण इतके दिवस ते गळतच होतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारलंय की १० न्यूटन मीटर हाताला कसं कळणार. टेबलावर एक जुनं हेड बांधून ठेवलंय, शेजारी पाव इंची टॉर्क रेंच आहे. दोघादोघांनी पुढे या. आधी डोळे मिटून साध्या छोट्या रॅचेटने अंदाजाने आवळा, मग टॉर्क रेंचने तपासू. घाई नाही, सगळ्यांचे हात फिरेपर्यंत मी थांबतो आहे.