नांगरावरची वीज आणि वाटेवरची वीज

नमस्कार मंडळी. शिडाच्या बोटीवरच्या विजेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॉटचे पॅनेल लावू? बोट दिवसाला किती वीज खाते हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. आणि बोट नांगरावर एका तऱ्हेने खाते, वाटेवर दुसऱ्या. म्हणून आधी खर्च मांडू, मग कमाईकडे येऊ.

उदाहरणाला 38 फुटी, एका डोलकाठीची बोट घेऊ. दोन माणसं बारा महिने राहतात, वायरिंग 12 व्होल्टचं. हिशेब एएचमध्ये (अँपिअर-तासांत), म्हणजे घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर छापलेलं असतं त्याच मापात. फ्रिजचा छोटा डीसी कॉम्प्रेसर चालू असताना 4 अँपिअरच्या आसपास घेतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात दिवसातला निम्मा वेळ चालतो, म्हणजे झाले 50 एएच. पंखे आणि दिवे 15, फोन-लॅपटॉप 20, पाण्याचा पंप 3, डोलकाठीच्या टोकावरचा नांगरदिवा 2. बेरीज 90.

आता शीड चढवून निघा. ऑटोपायलट सरासरी अडीच अँपिअर, चोवीस तास: 60 एएच. चार्टप्लॉटर, म्हणजे नकाशाचा पडदा, आणि वारा-खोली-वेग दाखवणारी उपकरणं मिळून 36. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तरी 10. आसपासची जहाजं दाखवणारं एआयएस 7, दिशादिवे 3. फ्रिज, पंखे, फोन होतेच. बेरीज 200च्या घरात गेली. खर्च दुपटीहून वर गेला, आणि नेमक्या त्याच वेळी ताणलेल्या शिडाची सावली पॅनेलवर पडायला लागली. बोटीची सगळी विजेची आखणी या एका अडचणीभोवती फिरते.

या हिशेबात सर्वांत स्वस्त वीज म्हणजे न खर्चलेली. फ्रिजच्या पेटीला चारही बाजूंनी आणि तळाला 10 सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम भरला आणि दार वरून उघडणारं ठेवलं तर 50चे 30-35 होतात. ऑटोपायलटऐवजी वाऱ्यावर चालणारं यांत्रिक सुकाणू, म्हणजे विंडवेन, बसवलं तर 60 एएच पूर्ण वाचतात. ही काही जुनाट हौस नव्हे. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला बंदी आहे. 2022च्या शर्यतीत दुसरे आलेले आपले अभिलाष टॉमी पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ते विंडवेनच्याच भरवशावर. विंडवेनची मर्यादा एकच: वारा पडला की त्याला दिशा कळत नाही. इंजिनावर चालताना लागेल म्हणून छोटा ऑटोपायलट ठेवावाच.

आता सौर. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर पूर्ण ताकदीच्या उन्हाचे सरासरी 5 तास धरता येतात. 400 वॉटचे पॅनेल म्हणजे कागदावर 2000 वॉट-तास. त्यातून उष्णता वजा करा. पॅनेलवरचा आकडा 25 अंश सेल्सिअसचा असतो. दुपारी पॅनेलमधली सौरपेशी 65 अंशांवर जाते आणि दर अंशामागे साधारण 0.4 टक्के उतरते, म्हणजे 16 टक्के तिथेच गेले. आडवं बसवल्याने सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन वाया जातं, वर मीठ, समुद्रपक्ष्यांची शीट, वायरमधली गळती. बॅटरीपर्यंत 1300-1400 वॉट-तास पोहोचले तर चांगलं झालं म्हणायचं. ढोबळ नियम असा: पॅनेलच्या वॉटला चाराने भागा, दिवसाचे एएच मिळतील. 400 वॉटला 100. नांगरावरचा खर्च भागला.

खरा शत्रू मात्र सावली. ती कशी खाते ते एकदा डोळ्यांनी पाहा. 36 पेशींचं, 12 व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनेल घ्या. ते 18 व्होल्टवर चालतं आणि मागच्या डबीत बहुतेक दोन बायपास डायोड असतात, प्रत्येकी 18 पेशींसाठी. भर उन्हात एका पेशीवर तळहात ठेवा, फक्त एका. ती पेशी अडली की तिच्या भागाचा डायोड तो अख्खा भाग वगळतो. उरले 9 व्होल्ट. बॅटरी 13वर बसलेली आहे. 9 व्होल्टची वीज 13 व्होल्टच्या बॅटरीत शिरणार नाही, कारण बोटीवरचे नेहमीचे एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारी यंत्रं, व्होल्टेज खाली उतरवतात, वर चढवत नाहीत. 36 पेशींतली एक झाकली आणि उत्पादन शून्य! बूमची, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांडीची, सावली हेच करते, दुपारभर.

म्हणून ‘सावली असेल तर पॅनेल समांतर जोडा’ हा सल्ला डोळे मिटून पाळू नका. अशी दोन पॅनेल समांतर असतील तर सावलीतलं पूर्ण बाद होतं, निम्मं उरतं. तीच मालिकेत असतील तर 36 व्होल्टचे 27 होतात, बॅटरीपेक्षा ते वरच आहेत, आणि पाऊण उत्पादन हाती राहतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे घराच्या छतावर लावतात तसं 60 पेशींचं, 30 व्होल्टच्या आसपास चालणारं पॅनेल आणि प्रत्येकाला स्वतंत्र एमपीपीटी. त्यात तीन डायोड असतात. एक भाग गेला तरी 20 व्होल्ट उरतात आणि चार्जिंग चालू राहतं. आकार साधारण 1.65 बाय 1 मीटर, वजन 18-19 किलो. पाठीमागच्या स्टीलच्या कमानीवर दोन बसतात. बाजारात सध्या सहज मिळणारं 540 वॉटचं पॅनेल मात्र 2.3 मीटर लांब आणि 28 किलोच्या आसपास असतं. वादळात ते पंख होतं, त्याच्या मोहात पडू नका. डेकला चिकटवायची लवचिक पॅनेल दिसायला सुबक, पण खालून हवा खेळत नाही, तापतात, वर पाय पडतो, आणि दोन-चार वर्षांत पेशींना बारीक तडे जातात.

नांगरावर असताना बूम बाजूला ओढून बांधा. फुकटचे 20 एएच त्यातच आहेत.

पवनचक्कीबद्दल थोडक्यात. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. 1.2 मीटर व्यासाची चक्की 10 नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) जेमतेम सव्वादोन अँपिअर देते, 20 नॉटला त्याच्या आठपट, म्हणजे 18च्या आसपास. कॅरिबियनमध्ये नांगरावर रात्रंदिवस 15-20 नॉट व्यापारी वारे मिळतात, तिथे ती दिवसाला 100 एएचच्या वर सहज काढते. डिसेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यावर काय असतं? सकाळी मंद मतलई, दुपारनंतर चार-पाच तास वायव्येकडून खारे वारे, 12 नॉटच्या आसपास. दिवसाला 20 एएच. पावसाळ्यात वारा भरपूर, पण तेव्हा बोट पाण्याबाहेर काढलेली. म्हणजे मुंबई-गोवा-कारवार एवढंच फिरायचं असेल तर तो पैसा पॅनेलमध्ये घाला. समुद्र ओलांडतानाही गोम आहे. पाठीमागून 15 नॉट वारा आणि बोटीचा वेग 6 नॉट, तर चक्कीला जाणवतात फक्त 9. नऊ भागिले पंधरा, त्याचा घन: उत्पादन पाचवा हिस्सा. आणि घेतलीच तर एक पथ्य पाळा: ती फिरत असताना बॅटरीपासून कधी तोडू नका. भार सुटला की पाती बेफाम फिरतात आणि व्होल्टेज उसळून कंट्रोलर जळतो. आधी ब्रेकचा स्विच, मग बाकीचं.

वाटेवरची तूट भरून काढतो तो हायड्रोजनरेटर, बोटीच्या पाठीमागे पाण्यात सोडलेला पंखा. पाणी हवेच्या आठशेपट दाट, त्यामुळे छोटा पंखाही पुरतो. 5 नॉटला 6 ते 8 अँपिअर मिळतात, तेही रात्रंदिवस. 6 धरले तरी चोवीस तासांत 144 एएच. मघाचा खर्च 200, शिडाच्या सावलीतून सौरची कमाई 65, तूट 135. बसला हिशेब. घनाचा नियम इथेही आहेच: 4 नॉटला उत्पन्न निम्म्यावर येतं, 3 नॉटला नावापुरतं. म्हणून नौदलाच्या आयएनएसव्ही तारिणीसारख्या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या बोटी जातात त्या मार्गावर, न्यूझीलंडच्या लिटलटनहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न वळसून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅनलेला, जिथे सूर्य कललेला आणि आभाळ भरलेलं पण वेग भरपूर, तिथे हे यंत्र सौरपेक्षा भरवशाचं ठरतं. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. 100 वॉट काढायला पाण्यात साधारण 8 किलो ओढ बसते. मध्यम बोटीला ती फारशी जाणवत नाही, हलक्या वाऱ्यात जाणवते.

बिघडतं कुठे? पंखा उथळ राहिला की लाटेवर बोटीची मागची बाजू उचलली जाते, तो हवा ओढतो आणि आकडे नाचायला लागतात. तो निदान अर्धा मीटर खाली हवा. लाटेच्या उतारावर बोट 9-10 नॉट पळायला लागली तर लहान व्यासाचा पंखा लावा किंवा वर घ्या. वर घेताना आधी बोटीचा वेग कमी करा, भरवेगात ते ओढणं म्हणजे खांदा निखळवून घेणं. आणि कोकण किनाऱ्याला लागून जाताना तो सोडूच नका. जाळी, त्यांचे दोर, थर्माकोलचे तरंगते तुकडे. रात्री यातलं काहीच दिसत नाही.

निर्माण झालेली वीज साठवण्यात निम्म्या बोटी मार खातात. 400 एएचच्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांतले वापरायचे 200. त्या 80 टक्के भरेपर्यंत भराभर घेतात, उरलेल्या 20 टक्क्यांना चार ते सहा तास लागतात, कितीही मोठा चार्जर लावा. रोज सकाळी तासभर इंजिन चालवून भागवणाऱ्याच्या बॅटऱ्या कधीच पूर्ण भरत नाहीत. पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि दीड-दोन वर्षांत बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा अख्खा संच, निकामी. वर 30 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन 600 वॉटसाठी फिरवल्याने सिलिंडरला चकाकी येते, तेल जळायला लागतं. इंजिन चालवायचंच तर पहाटे चालवा, म्हणजे शेवटचा सावकाश टप्पा दिवसभराचं ऊन पुरा करेल. केबिनमध्ये 35 अंश असताना चार्जिंगचं व्होल्टेज 14.4 वरून 14.1 च्या आसपास उतरायला हवं. कंट्रोलरला बॅटरीच्या तापमानाचा सेन्सर जोडलेला नसेल तर ते उतरत नाही आणि पाणी आटतं. घरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त म्हणून बोटीवर चढवणारे आहेत. बोट 30 अंश कलली की त्यातलं अॅसिड बाहेर, आणि तिच्यात समुद्राचं पाणी शिरलं की क्लोरीन वायू. नकोच.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे 200 एएच घेतले तर 160 बिनघोर वापरता येतात आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिला इजा नाही. पण तिची भूक मोठी. मंद फेऱ्यांवर इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटर तिला पूर्ण क्षमतेने देत बसतो, स्वतःचा पंखा हळू फिरत असल्याने थंड होत नाही आणि अर्ध्या तासात जळतो. मध्ये 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, तो त्याहून जास्त ओढू देत नाही. दुसरी गोष्ट, बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या रक्षक सर्किटने, बॅटरी अचानक तोडली तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. म्हणून अल्टरनेटर थेट फक्त इंजिन स्टार्टच्या लेड-अॅसिड बॅटरीला, आणि तिथून डीसी-डीसीमार्फत लिथियमला.

वायरचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून आकडेच सांगतो. 30 अँपिअर, जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. 6 चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये 0.9 व्होल्ट गळतात, 10च्या वायरमध्ये अर्धा, 16च्या वायरमध्ये 0.33. तीन टक्क्यांच्या आत राहायचं तर 16च हवी. तांबं कल्हई केलेलं घ्या. साधं तांबं दोन पावसाळ्यांत वेष्टणाच्या आत हातभर काळं पडतं. टोकं क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीटश्रिंक नळी. पॅनेलचे कनेक्टर तोंड खाली करून बांधा. उत्पादन अचानक एका पॅनेलइतकं घटलं तर आधी कनेक्टर उघडून पाहा: पिनेवर हिरवी पूड दिसली की कापून नवा लावा, घासून चालत नाही. लिथियमला मुख्य फ्यूज क्लास-टी प्रकारचा, बॅटरीपासून वीतभराच्या आत. आणि बॅटरी मॉनिटरच्या शंटच्या, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या पट्टीच्या, बॅटरीकडच्या बाजूला फक्त बॅटरीची निगेटिव्ह वायर; दुसरी एखादी तिथे चोरून बसली असेल तर मॉनिटर 80 टक्के दाखवेल आणि रात्री तीनला ऑटोपायलट बंद पडेल.

श्रोत्यांतून दोन प्रश्न आले आहेत. इंडक्शनवर स्वयंपाक होईल का? कुकरमध्ये डाळ-भात 1200 वॉटवर पंधरा मिनिटांत होतो, म्हणजे इन्व्हर्टरमधली गळती धरून 25 ते 28 एएच. पॅनेल 800 वॉटपर्यंत नेलेत आणि बँक लिथियमची असेल तर नांगरावर दुपारी जरूर करा. वाटेवर गॅसच बरा.

पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर ठेवावा का? आठवडाभर ढग असतील तर 40 अँपिअरचा चार्जर लावून दोन तासांत 80 एएच मिळतात, तेवढ्यापुरता उपयोगी आहे. पण पेट्रोल बंद कप्प्यात ठेवायचं नाही, जनरेटर उघड्या डेकवर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा, केबिनच्या झडपा त्या बाजूच्या बंद. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ, उशीच्या उंचीला लावा.