आठवून पाहणे हीच खरी उजळणी

श्रोतेहो, नमस्कार.

"मला ऐकलेले लक्षात राहत नाही, डोळ्यांनी पाहिले तरच राहते," असे कितीतरी जण स्वतःविषयी खात्रीने सांगतात, आणि अनेक शिक्षकही मुलांची पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी व हाताने करून शिकणारी अशी वाटणी करतात. माणसामाणसांत फरक असतो हे खरेच आहे; परंतु तो आपण भलत्याच ठिकाणी शोधत आहोत, असे माझे मत आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधन तपासले, तेव्हा ज्याच्या त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते, या समजुतीला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. नकाशा कोणालाही पाहूनच उमगतो आणि परक्या भाषेतील उच्चार कोणालाही ऐकूनच कळतो.

विस्मरणाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी केला. त्यांनी स्वतःच निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ केल्या, ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम पडतात ते मोजले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग आरंभी फार असतो व पुढे मंदावत जातो; एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा काही दिवसांत विभागलेली उजळणी कमी श्रमात साधते.

परंतु उजळणी म्हणजे काय? बहुतेकांच्या मनात तिचा अर्थ पुन्हा वाचणे असाच असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला, तर दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत समोर उतारा नसताना आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र पालटले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. मला याहूनही महत्त्वाचे वाटते ते हे की, आपल्याला पुढे चांगले आठवेल असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. मजकूर ओळखीचा झाला की तो आपल्याला येतो असे वाटू लागते. पुस्तक मिटून आठवताना मात्र अडखळायला होते, आणि त्या अडखळण्यालाच आपण अपयश समजतो. रात्र रात्र वाचूनही परीक्षेत काहीच न आठवणाऱ्या मुलाला मंद ठरवले जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच्या कष्टांत काहीच उणे नसते, त्याला ही रीत कोणी सांगितलेली नसते एवढेच.

आता माणसामाणसांतील फरकाविषयी. नव्या माहितीचे काय होणार, हे मुख्यतः आधीच्या ज्ञानावर ठरते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाच्या खेळाडूंना पट केवळ पाच सेकंद दाखवला. मोहऱ्यांची मांडणी खऱ्या डावातील असताना निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अधिक मोहऱ्यांच्या जागा अचूक सांगितल्या; तीच मोहरी वाटेल तशी मांडल्यावर दोघांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. निष्णात खेळाडूच्या परिचयाच्या रचना नसतील, तर त्याची स्मरणशक्तीही सामान्यच ठरते.

म्हणून नवशिक्याला गणिताची सोडवलेली उदाहरणे पायरीपायरीने दाखवावी लागतात. ज्याचा पाया पक्का आहे त्याला तीच उदाहरणे अडथळा ठरू शकतात आणि स्वतः सोडवण्यास दिलेले गणित अधिक शिकवते. तेव्हा, शिकवणाऱ्यांनो, विद्यार्थ्याला त्याचा प्रकार विचारण्याऐवजी या विषयातले त्याला आज काय येते, ते पाठ सुरू करण्यापूर्वी विचारा, आणि उत्तर त्याला पुस्तक न उघडता देऊ द्या.