लाऊंड्स काउंटी: घरामागचा पाइप

(पडद्यावर: हायवे, दोन्ही बाजूंना कुरणं)

हा हायवे ८०. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातला, सेल्मावरून माँटगमेरीला जाणारा. मार्च १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्यासोबतचे लोक मतदानाच्या हक्कासाठी याच रस्त्याने चालत गेले, ते फोटो बहुतेकांनी पाहिलेत. पण मोर्चाचा मोठा टप्पा ज्या काउंटीतून गेला तिचं नाव फार कोणाला माहीत नसतं. लाऊंड्स काउंटी. वस्ती जेमतेम १० हजार, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला इथल्या मतदार यादीत एकाही कृष्णवर्णीय माणसाचं नाव नव्हतं. पुढे ज्यांनी नाव नोंदवलं त्यातल्या अनेकांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं आणि ती कुटुंबं याच हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली.

मोर्चाची गोष्ट इथेच सोडूया, कारण आपला विषय संडासाचा आहे. हो, अमेरिकेतल्या संडासाचा.

(घराची मागची बाजू, गवतात उघडा पडलेला पाइप)

हा पाइप बघा. घरात फ्लश केलं की मैला इथून बाहेर येतो आणि मागच्या अंगणात पडतो, बस्स, टाकी नाही काही नाही. स्ट्रेट पाइप म्हणतात याला. आता लगेच कोणीतरी म्हणणार, मग टाकी बसवायची ना! तर गटारलाइन इथे मोजक्या गावांतच आहे, बाकी घरं एकमेकांपासून लांब लांब, त्यामुळे सेप्टिक टँक ज्याची त्याने स्वतःच्या पैशाने बसवायची, आणि तिथे माती आडवी येते. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही माती समजावून सांगायला नको, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी, पाणी पटकन न मुरू देणारी. शास्त्रीय वर्गीकरणात आपली काळी माती व्हर्टिसॉलमध्ये येते आणि या पट्ट्यातली बरीच मातीही त्यातच. पीकही तेच, कापूस. (अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, इकडचा कापूस अडकला म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैसा खुळखुळला, पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.)

सेप्टिक टँकमधलं पाणी जमिनीत मुरलं तरच ती चालते. इथे ते मुरत नाही, मग मोठा पाऊस झाला की सगळं उलटं घरात, सिंकमध्ये, बाथटबमध्ये. या मातीत टिकणारी सिस्टीम बसवायची तर १५ हजार डॉलरच्या पुढे खर्च, कधीकधी ३० हजारसुद्धा, आणि इथल्या कित्येक घरांची वर्षाची कमाई तेवढी नसते. वर कायदा असा की नीट टँक नसणं हाच गुन्हा. २००० च्या आसपास लोकांवर खरंच कारवाई झाली, अटकेपर्यंत गोष्ट गेली. म्हणजे गरीब आहात, जमीन साथ देत नाही, आणि पोलीसही दारात. मला तर हा सगळा प्रकार घाणीपेक्षा जास्त घाण वाटतो.

कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स या कार्यकर्त्या याच काउंटीत वाढल्या. बाहेर राहून परत आल्यावर त्यांनी घरोघरी जाऊन हे बघायला सुरुवात केली. एकदा अशाच एका मैल्याच्या डबक्यापाशी त्यांना डास चावले, अंगावर चट्टे उठले, आणि डॉक्टरांच्या टेस्टमध्ये काहीच निघेना. त्यांच्या डोक्यात आलं की हे डॉक्टर शोधतच नाहीत असं काही असेल तर? त्यांनी उष्णकटिबंधीय रोगांचे अभ्यासक पीटर होटेझ यांना गाठलं. मग ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या टीमने लाऊंड्समधल्या ५५ जणांच्या शौचाचे नमुने तपासले. २०१७ मध्ये निकाल छापून आला, १९ जणांमध्ये हुकवर्मचा अंश.

हुकवर्म म्हणजे अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारा जंत. रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात, गिळला की आतड्यात, आणि तिथे चिकटून रक्त पीत बसतो. माणूस फिका पडतो, थकलेला राहतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात हा इतका होता की त्याला आळसाचा जंतू म्हणायचे, आणि १९०९ मध्ये रॉकफेलरने त्याच्याविरुद्ध मोहिमेला १० लाख डॉलर दिले होते. नंतर सगळ्यांनी धरून चाललं की विषय संपला.

आता हेही सांगायला हवं की ५५ हा आकडा छोटा आहे, राज्याच्या आरोग्य खात्याने त्यावर शंका घेतली, आणि पुढे या भागातल्या मुलांच्या मोठ्या तपासणीत हे जंत सापडले नाहीत. जंतावर वाद घाला, खुशाल घाला. अंगणातल्या मैल्यावर वाद नाहीये, तो चालत जाऊन बघता येतो.

आणि औषधाचं ऐका. अल्बेंडाझोल, आपल्या शाळांत मुलांना फुकट देतात ती जंताची गोळी. अमेरिकेत २०१० ला तिच्या एका दिवसाच्या डोसची किंमत ६ डॉलरच्या आसपास होती, २०१३ मध्ये जवळपास १२० डॉलर! गोळी तीच. काउंटीत हॉस्पिटल नाही, सेल्मा नाहीतर माँटगमेरी गाठायची. गरिबांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेड, तो वाढवायला अलाबामाने नकार दिलाय, त्यामुळे राबणारी पण विमा नसलेली माणसं मधेच लटकतात. २०२० च्या उन्हाळ्यात लोकसंख्येच्या मानाने अलाबामातला सगळ्यात जास्त कोविड याच काउंटीत होता.

(पडद्यावर: खोदकाम, टाकी उतरवणारी क्रेन)

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी सुरू केली, आणि आधार घेतला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. मे २०२३ मध्ये करार झाला, राज्याने टँक नाही म्हणून लोकांवर कारवाई करायची नाही आणि कुठल्या घरांना आधी सिस्टीम हवी ते बघून कामाला लागायचं. टाक्या बसायला लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तोच करार बेकायदेशीर डीईआय (विविधता, समता, समावेश यांसाठीची धोरणं) ठरवून रद्द केला, म्हणजे वंशाच्या नावाने केलेली सवलत म्हणून. राज्याचं आरोग्य खातं म्हणालं, हातात निधी आहे तोवर काम चालू ठेवू. यादीत खाली नंबर असलेल्यांनी त्यानंतर काय करायचं, ते मात्र करार रद्द करणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.