पाटीचा दगड आणि पातळ छिन्नी

नमस्कार श्रोतेहो.

महाराष्ट्रात दगडाचं काम म्हटलं की काळा पाषाण आठवतो. घण, सुतकी, पहार, टाकी आणि उडणाऱ्या ठिणग्या. आपला बेसाल्ट लाव्हा थंड होऊन झालेला. त्याला आतून पदर नाहीत, म्हणून वडार आणि पाथरवट मंडळींना त्याची प्रत्येक सपाट बाजू घाव घालून मिळवावी लागते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण अशाच मुलखात शोभते. आज मी ज्या दगडाबद्दल बोलणार आहे, त्याला घाव फार सोसवत नाहीत. त्याला हवी असते पातळ छिन्नी, लाकडी हातोडा आणि थोडा धीर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गमभन गिरवताना तो हातात धरलेला आहे. लाकडी चौकटीतली काळी पाटी. तोच हा दगड, स्लेट.

स्लेट म्हणजे मूळचा समुद्रतळाचा चिखल. तो थरांवर थर साचला, दडपला गेला, त्याचा शेल नावाचा मऊ, थरांचा खडक झाला. पुढे पर्वत घडताना दोन्ही बाजूंनी प्रचंड दाब आला. त्या दाबात अभ्रकासारख्या खनिजांच्या सूक्ष्म चकत्या दाबाच्या दिशेला आडव्या होऊन एका रांगेत बसल्या. स्लेट फुटते ती या रांगांवरून. चिखलाच्या जुन्या थरांवरून नाही. हे लक्षात यायला माणसाला बराच वेळ लागला. १८५३ साली हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या इंग्रज संशोधकानं सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचे काप ठेवून ते दाखवून दिलं. खाणीतला कामगार मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय त्या रांगेवर छिन्नी ठेवत होता.

किती काळापासून? पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्यांमध्ये स्लेटच्या तळहाताएवढ्या पट्ट्या सापडतात. आजवर हजाराहून जास्त मिळाल्या आहेत. वर दोरी ओवायला भोक, आणि अंगावर त्रिकोणांच्या, नागमोडी रेघांच्या ओळीच्या ओळी. तेव्हा पोलाद नव्हतं. गारगोटीचं टोक घेऊन रेघ ओढायची, एवढंच. गारगोटी स्लेटपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे रेघ स्वच्छ उमटते. तिकडे उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात इन्युइटांच्या पूर्वजांनी स्लेट घासून घासून तिची पाती केली. त्यांच्या बायकांचा उलू नावाचा अर्धगोल सुरा पुढे पोलादाचा झाला, पण आधीचं पातं घासलेल्या स्लेटचं असे. कातडं सोलायला, मांस कापायला. दगडाला धार लावायची ती खरबरीत वालुकाश्मावर, पाणी घालून.

पण या दगडाचं काम ज्यांनी जन्माचा व्यवसाय केला, ते लोक वेल्सचे. ब्रिटनच्या पश्चिमेचा हा छोटा डोंगराळ देश. त्याच्या वायव्य कोपऱ्यात बेथेस्डा, लानबेरिस, ब्लायनाय फेस्टिनिओग अशी गावं आहेत. नावं वाचताना माझी जीभ अडखळते, तिथल्या लोकांनी हा उच्चार ऐकला तर हसतील. रोमनांनी कार्नार्वनजवळच्या सेगोन्टियम किल्ल्यात स्लेट वापरली होती. पण खरा बहर एकोणिसाव्या शतकातला. कारखान्यांची शहरं वाढली, घरं वाढली, आणि प्रत्येक घराला छप्पर हवं होतं. १८९८ च्या सुमाराला वेल्समध्ये या धंद्यात १७,००० माणसं कामाला होती.

ते काम कसं चालायचं, ते सांगतो. डोंगरकड्यावर खाणकामगार मांडीला साखळीचा वेढा देऊन लोंबकळत असे आणि दगडात सुरुंगाची भोकं पाडी. दारू वापरायची ती साधी काळी. डायनामाइटनं दगड भुगा होतो, आणि इथे तर अखंड ठोकळा हवा. सुटलेला मोठा धोंडा लाकडी मोठ्या घणानं आणि पाचरींनी लहान करायचा. मग तो एका बाजूनं उघड्या असलेल्या शेडमध्ये, फोडणाऱ्याकडे.

फोडणारा बुटक्या बैठकीवर बसतो. ठोकळा डाव्या मांडीला टेकवून उभा. हातात रुंद, पातळ पात्याची छिन्नी आणि घट्ट लाकडाचा हातोडा. छिन्नीचं टोक ठोकळ्याच्या कडेवर ठेवायचं आणि हलके ठोके द्यायचे. चीर धरली की छिन्नी किंचित पिळायची, आणि दगड आपोआप सुटत जातो. यात एक नियम मोडायचा नाही. फोडायचं ते नेहमी बरोबर मध्यावर. सोळा पाट्यांचा ठोकळा असेल तर आधी आठ-आठ, मग चार-चार, मग दोन-दोन, मग एकेक. कडेची पातळ पाटी आधीच काढायला गेलात तर चीर पातळ बाजूकडे वळते आणि अर्ध्यावरच बाहेर पडते. मध्यावर फोडलं की दोन्ही बाजू सारख्या वाकतात, चीर सरळ राहते. आज कुणी अभियंता याचं गणित मांडून दाखवील. त्या शेडमध्ये ते पोरांच्या मनगटात उतरवलं जाई.

दुसरी गोष्ट पाण्याची. खाणीतून नुकता निघालेला दगड ओलसर असतो, तेव्हा तो चांगला फुटतो. उन्हात वाळला तर हट्टी होतो. म्हणून ठोकळे झाकून, ओले ठेवत.

फोडलेल्या पाटीच्या कडा वेड्यावाकड्या. त्या सरळ करायला लोखंडी धारेची एक पट्टी लाकडात बसवलेली असे. पाटी तिच्यावर ठेवून जड सुऱ्यानं कड तोडायची. माप घ्यायला फूटपट्टी नाही, एक काठी. काठीच्या टोकाला खिळा आणि अंगावर ठरावीक अंतरावर खाचा. खाच एका कडेला अडकवायची, खिळ्यानं रेघ ओढायची, रेघेवर सुरा. संपलं. ही काठी मला फार आवडते. मापन आणि आखणी अशी दोन कामं करणारं इतकं स्वस्त अवजार क्वचितच असेल.

मापांना नावं होती ती सरदारघराण्यातल्या बायकांची. चोवीस बाय बारा इंचाची डचेस, वीस बाय दहाची काउंटेस, सोळा बाय आठची लेडी. म्हणजे दिवसभर धुळीत बसलेला माणूस संध्याकाळी आपण किती डचेस कापल्या ते मोजायचा. मोजणीचीही गंमत. पाट्यांचा हजार म्हणजे १,२००, आणि वर तुटफुटीसाठी ६०. हा जास्तीचा माल कामगाराच्या घामाचा होता, हे वेगळं सांगायला नको.

मजुरीची पद्धत तर आणखी नमुनेदार. चार-पाच जणांची टोळी दर महिन्याला व्यवस्थापकाशी कड्याच्या एका पट्ट्याचा सौदा करी. दगड चांगला असेल तर दर कमी, वाईट असेल तर दर जास्त. वर सौदा ठरवणाऱ्या साहेबाची मर्जी. बेथेस्डाजवळच्या पेनरिन खाणीत हे सगळं, आणि युनियनला मान्यता नाकारणं, इतकं चिघळलं की नोव्हेंबर १९०० मध्ये काम बंद पडलं ते थेट १९०३ च्या नोव्हेंबरपर्यंत. तीन वर्षं. बेथेस्डातल्या घरांच्या खिडक्यांत फलक लागले, ‘या घरात कुणी फितूर नाही.’ काही जण पोटासाठी कामावर परतले होते. दोन्ही बाजूंच्या घरांतलं वैर पुढच्या पिढ्यांपर्यंत गेलं.

हेच कामगार जेवणाच्या सुट्टीत खाणीतल्या एका झोपडीत जमायचे. तिला कॅबन म्हणत. तिथे कविता, गाणी, धर्मचर्चा, राजकारण, सगळं चाले. १८८४ साली वेल्समधल्याच बँगरला विद्यापीठ महाविद्यालय सुरू झालं तेव्हा वर्गणी देणाऱ्यांत हे खाणकामगार होते. आता या शिकल्यासवरल्या माणसांना खाणीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं असेल? छातीचा दमा होतो तो धुळीमुळे नाही, तुम्ही कॅबनमध्ये दिवसभर उकळत ठेवलेला चहा पिता म्हणून. चहा! ब्रिटनमध्ये स्लेट कामगारांना धुळीच्या आजाराची भरपाई देणारा कायदा आला १९७९ साली. तोवर लानबेरिसची प्रचंड दिनॉर्विग खाण बंद पडून दहा वर्षं झाली होती.

इथे हातअवजारांबद्दल आपल्याला जो जिव्हाळा वाटतो, त्याची थोडी तपासणी करायला हवी. छिन्नीनं फोडताना धूळ होते, पण ती फार नव्हे. करवतीनं कोरडा दगड कापला की बारीक धूळ उठते, तीच श्वासातून फुप्फुसात खोल जाते. वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात यंत्रकरवती आल्या, ठोकळे झटपट कापले जाऊ लागले, आणि बंद शेडमध्ये धुळीचे लोट आले. फोडण्यासाठी यंत्रं करून बघितली गेली, पण ते काम दीर्घकाळ हाताकडेच राहिलं. कारण प्रत्येक ठोकळ्याची चीर कुठे धरेल हे बघणारा डोळा यंत्राला नव्हता.

वेल्स दूर आहे, पण मंदसौर दूर नाही. पाटीवर लिहायच्या पेन्सिली मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यातून येत. ती पेन्सिल म्हणजेही दगडच, थोडा मऊ. विजेच्या गोल करवतीवर त्याचे चौकोनी काप काढायचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, आढळला, आणि तो झपाट्यानं वाढत होता. मध्य प्रदेश सरकारनं १९८२ साली या कामगारांसाठी कल्याण निधीचा वेगळा कायदाही केला. आपण पेन्सिल चघळत होतो, काही जण तर चक्क खात होते, तेव्हा तिची भुकटी कुणाच्या छातीत जात होती याची आपल्याला कल्पना नव्हती. पाट्या बहुतेक आंध्रातल्या मार्कापूरच्या. शाळांतून पाटी गेली तशी तिथे दगडाची फरशी आणि भिंतीला लावायचे तुकडे निघू लागले.

छपराचं काम बघायचं तर हिमाचलात कांगडा खोऱ्यात जा. धरमशाळेजवळच्या खनियाऱ्याची स्लेट तिथल्या जुन्या घरांवर अजून दिसते. आणि वायव्य वेल्समधला स्लेटचा प्रदेश २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तरी स्लेटचं छप्पर घालणारा कारागीर वारसा म्हणून काम करत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. त्याची हत्यारं बघण्यासारखी असतात. हातोड्याला एका बाजूला टोक, दांड्याला धार. टोकानं भोक पाडायचं ते पाटीच्या मागच्या बाजूनं, म्हणजे पुढच्या बाजूचा टवका उडून खळगा होतो आणि खिळ्याचं डोकं त्यात बसतं. मधलीच एखादी पाटी फुटली तर वरची न उचलता तिचे खिळे काढायला एक लांब, चपटं, आकड्याचं पातं असतं. ते खाली सरकवायचं, आकडा खिळ्यात अडकवायचा, आणि दांड्यावर खालच्या दिशेनं ठोका. खिळा तुटतो किंवा निघतो. आणि छपरावर चढवण्याआधी प्रत्येक पाटी बोटानं ठोकायची. कुंभाराकडून मडकं घेताना आपण जसं वाजवून घेतो, अगदी तसं. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर आत तडा आहे.

हे ऐकून कुणाला हात चालवून बघावासा वाटला, तर एक सावधगिरी. आपल्या ओट्यावरचा काळा कडप्पा हा स्लेट नाही. तो चुनखडीचा दगड. लिंबाचा थेंब टाकून बघा, फेस येईल आणि डाग राहील. शहाबादी फरशीही चुनखडीचीच. इमारती दगडाच्या दुकानात मार्कापूरची स्लेट फरशी मागा, आणि कड नीट बघून पदर दिसणारा तुकडा घ्या. फरशी पातळ असेल तर फोडण्याचा नाद सोडा, अक्षरं कोरा. मोठ्या छिन्नीऐवजी टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची बारीक छिन्नी आणि छोटा गोल हातोडा लागेल. खडूनं अक्षर काढा. छिन्नी तिरकी धरून आधी एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं उतार द्या, मधे दरी तयार होते. काळ्या दगडात ती फिकट राखाडी उठून दिसते, रंग भरायची गरज पडत नाही. आपल्या देवनागरीच्या उभ्या दांड्या आणि शिरोरेषा सोप्या जातात. श, क्ष, ळ यांच्या गोलाईला वेळ द्या. दगड सतत ओला ठेवा, तोंडावर चांगला मास्क लावा, आणि पडलेली भुकटी झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसून घ्या.